मुरारच्या चर्चची मोजणी

टेपचं एक टोक पास्कलच्या अंगठ्याखाली,
दुसरं माझ्या.
लांबी त्र्याण्णव फूट. रुंदी एकतीस,
वेदीपाशी मात्र अर्धा फूट कमी भरते.
पास्कल म्हणतो, पुन्हा धरू.
पुन्हा धरलं. कमीच.

भिंती साध्या, सगळा हट्ट खांबांच्या माथ्यावर.
साहेबाच्या वहीत कुठल्याशा परदेशी झुडपाची पानं होती म्हणे;
घडवणाऱ्यानं ती पाहिली, वही मिटली,
आणि वाळूच्या दगडात आपल्या मोरीजवळचं अळू काढलं,
देठासकट,
एका पानाला किडीनं पाडलेल्या भोकासकट.

उत्तरेच्या खिडकीला युद्धाच्या वर्षी फासलेला काळा रंग
कोपऱ्यात अजून आहे.
तेवढंच ऊन आत येत नाही.

मग भिंतीवरची क्रुसाची वाट. चौदा चित्रं.
रंगवली लष्करच्या लघाटे पेंटरनं,
एरवी तो नाटकाचे पडदे आणि मिठाईच्या पाट्या करायचा.
हातात फादरची चिठ्ठी, आकडे रोमन.
नऊ आणि अकरा त्याला सारखेच वाटले:
काठी फुली, फुली काठी.
म्हणून इथे आठव्यानंतर येशूला खिळे ठोकतात,
मग वस्त्रं उतरवतात,
मग तो तिसऱ्यांदा पडतो.
आणि पडताना जमिनीवर टेकलेल्या त्याच्या हातांना
खिळ्यांची भोकं आहेत, न विसरता काढलेली.

उपासकाळातल्या शुक्रवारी लोक
आठव्यापासून थेट अकराव्यापुढे जातात,
तिथून मागे दहाव्याशी, आणखी मागे नवव्याशी,
मग पुन्हा पुढे, बाराव्याकडे.
फादर लकडा नवे आले तेव्हा म्हणाले, चित्रं बदलून घेऊ.
ऑल्गा टीचर पहिल्या बाकावरून म्हणाल्या,
घ्या. माझ्या पायांना कोण सांगेल?

तिथली फरशी खोलगट आहे.
पट्टी आडवी ठेवून खाली बोट घातलं: दोन सूत.
पास्कल म्हणाला, पुसलं की पाणी इथंच साचतं,
फडकं दोनदा पिळावं लागतं.

माझ्या तक्त्यात तीन रकाने: दोष, कारण, उपाय.
दोष लिहिला.
कारणासमोर बराच वेळ पेन धरून
लिहिलं: वापर.
तिसरा कोरा ठेवून वही मिटली,
तर पास्कल वेदीपाशी जाऊन उभा,
टेप हातात,
साहेब, तो अर्धा फूट?