पेवाचं तोंड

हरिपूरच्या रस्त्यावर, झेरॉक्सच्या दुकानात
अर्धं टेबल माझं.
एक मशीन, एक वही, बोटं पुसायचं एक फडकं.
सोमवारी धुतलेलं ते फडकं
बुधवारपर्यंत पिवळं होतं.
मार्केट यार्डातून हळद निवडून आलेल्या बायका
अंगठा काचेवर टेकवतात
आणि मशीन म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा.

इंद्राक्का वायदंडेंना ते पाच वेळा म्हणालं.
त्या अंगठ्याकडे बघत राहिल्या,
उसनं नेऊन न फिरकणाऱ्या शेजारणीकडे बघावं तशा.
"चाळीस वर्सं हळद चोळली, बाई.
रेघा पोत्यातच गेल्या असतील.
कुणाच्या तरी कालवणात पडल्या असतील."

मग कार्ड?
कार्ड पुतण्याकडं.
"जपून ठेवलंय त्यानं," म्हणाल्या,
आणि 'जपून' हा शब्द
जरा जास्तच जपून उच्चारला.

मी पासबुक छापलं.
निराधारचे पैसे ज्या दिवशी आलेले
त्याच दिवशी गेलेले, संध्याकाळी,
स्टँडजवळच्या एटीएममधून.
ओळीमागून ओळ, दोन वर्षं.
मोठ्यानं वाचवेना मला.
नुसतं बोट ठेवत गेले,
त्या मान हलवत गेल्या,
जणू आधीच कुणीतरी वाचून दाखवलेलं.

पुढच्या सोमवारी कार्ड घेऊन आल्या.
कसं आणलं, विचारलं नाही.
मनगटावर ओरखडा होता
आणि त्यावर हळद.

एटीएमच्या गार काचेआड दोघी उभ्या.
मी पढवलेलं सगळं म्हणून दाखवलं:
नवा आकडा कुणाला सांगायचा नाही,
कार्डाच्या पाठीवर लिहायचा नाही,
पुतण्याला नाही, नातीला नाही,
फोनवर साहेब बोलला तर साहेबालाही नाही,
मलाही नाही.
"म्हंजे पेव," त्या म्हणाल्या.

"आमचे मालक पेवात उतरायचे.
तोंड येवढंसं, माणूस खरचटून आत जायचा.
वर माती लिंपली की
खाली किती हळद हाय,
चालणाऱ्याच्या पायाला बी कळायचं न्हाय.
आन् उघडलं की लगीच उतरायचं न्हाय.
आधी कंदील सोडायचा दोरीनं.
कंदील इझला तर समजायचं,
हितं माणूस बी इझंल."
थोडं थांबून म्हणाल्या,
"पुरानं पेवं ढासळली. सवय न्हाय ढासळली."

मी पाठ फिरवली.
पण इंद्राक्का आकडे दाबतात
ते मोठ्यानं म्हणत दाबतात,
आणि आकड्याआधी त्याचं कूळही सांगतात:
"ही जगलेली पोरं..."
मी खोकले.
बाहेरच्या बॅनरवरच्या वाढदिवसाच्या टोप्या मोजल्या.
परत खोकले.

श्रावणात माझ्या टेबलाशी बसलेल्या असताना
त्यांचा फोन वाजला.
पलीकडे गोड आवाज: बँकेतून बोलतोय,
मावशी, कार्ड आज रात्री बंद पडणार,
मागचा पुढचा सगळा नंबर सांगा.
मी हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला.
"सांगते की, लेकरा.
पर आमच्या बँकेपुढं कसलं झाड हाय रं?"
आवाज अडखळला. मावशी, सिस्टीममध्ये...
"बरं, झाड ऱ्हाऊ दे. बँकेला किती पायऱ्या?"
फोन बंद झाला. त्यांनी केला की त्यानं,
मला कळलं नाही.
"इझला," त्या म्हणाल्या,
आणि चहातलं बिस्कीट बुडायच्या आत काढलं.

आता त्या महिन्याला पाचशे काढतात,
बाकीचे आत राहू देतात,
शिल्लक विचारून घेतात,
कानात सांग म्हणतात.
पुतण्या रस्त्यात भेटला तर
पदराच्या आत हात जातो, एवढंच.

मी त्यांचा आकडा विसरायला बसते रोज.
तीन विसरले आहेत.
एक राहिलाय, तो पोरांचा.
कमिशनच्या तक्त्यात याचा दर नाही,
एका व्यवहाराचे किती, ते कुणी ठरवलेलं नाही.

फडकं पिळते. पाणी पिवळं जातं.