सहीची नोट

बाई गेल्या. रेडिओवर चार ओळी:
अर्थतज्ज्ञ, माजी गव्हर्नर, वय शहाऐंशी.
मी त्यांच्या हाताखाली एकवीस वर्षं
फाटक्या नोटा मोजल्या आणि जाळल्या.
तेव्हा थोडं मलाही बोलू द्या.

आराबा मेन्सिमा. साल्टपाँडच्या किनाऱ्यावरच्या.
आई मासे धुरावर वाळवायची,
उधारी सुतळीच्या गाठींत ठेवायची.
मोठी गाठ शिलिंगाची, बारकी पेनीची,
आणि कधीच न सुटणारी दिराची.
बाई म्हणायच्या, जमाखर्च मी तिथे शिकले,
लंडनला फक्त त्याची इंग्रजी नावं कळली.

परत आल्या, तर गोऱ्या मॅनेजरनं विचारलं,
टायपिंग येतं का?
येतं, म्हणाल्या. आणि त्याच्याच यंत्रावर
त्याच्याच बँकेचा ताळा मांडला:
कोकोवाल्यांच्या ठेवी किती, कोकोवाल्यांना कर्ज किती.
दुसरा आकडा शून्य होता.
त्याभोवती तांबडा गोल काढायची गरज नव्हती.
काढला.

मग नोटा आपल्या झाल्या.
नाव ठेवलं सेदी. म्हणजे कवडी.
बैठकीत कुणीतरी हसलं, कवडीमोलच होणार!
बाई हसल्या नाहीत.
या किनाऱ्यावर कवड्या मोजून माणसं नेलीत, म्हणाल्या,
आता मोजणारे आपण.
नोटेच्या कोपऱ्यात त्यांची सही आली,
शेवटी गाठ मारल्यासारखी.

पुढचं रेडिओ सांगणार नाही.
एका वर्षी पावाचा भाव सकाळी एक, संध्याकाळी दुसरा.
बाईंनीच हुकूम काढला:
मोठी नोट रद्द. मुदत पंधरा दिवस.

सोळाव्या दिवशी त्यांची आई खिडकीशी आली,
डोक्यावर बिस्किटांचा डबा.
आत सगळ्या मोठ्या नोटा, घडीही न पडलेल्या,
माशांच्या वासाच्या.
खर्चल्या का नाहीस?
तुझी सही होती ना त्यावर, म्हातारी म्हणाली.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे.
मोजा, म्हणाल्या.
तीनशे बारा.
भट्टीच्या वहीत लिहा.

म्हातारीनं एक मागून घेतली,
कमरेच्या कापडात बांधली, आणि डबा?
डबा परत हवा, म्हणाली, चांगला आहे.

कोऱ्या नोटा सावकाश जळतात, हे मला तेव्हा कळलं.
बाई भट्टीपाशी शेवटपर्यंत उभ्या होत्या.
मग वर गेल्या,
व्याजदराची बैठक होती. वेळेवर सुरू झाली.