ओद्गेइरचं पान

ह्वेरागेर्दी गावात जानेवारीत
सूर्य अकरानंतर डोकावतो
आणि चारच्या आत, कुणी हाक मारल्यासारखा, निघून जातो.
उरलेला दिवस काचघरं करतात.
जमिनीखालच्या वाफेवर चक्रं,
चक्रांवर दिवे, दिव्यांवर टोमॅटो.

हाल्बेराच्या हातात जिरेनियमची कुंडी.
दोन दिवस ती कपाटात कोंडलेली होती,
पानांतला साठा संपावा म्हणून.
उपाशी पान खोटं बोलत नाही,
असं तिची आई रान्वेग म्हणते.

आजोबांची निगेटिव्ह सापडली रबरी बुटांच्या खोक्यात.
ओद्गेइर. वायरमन.
या छपराला पहिले दिवे त्यानेच टांगलेले.
फिल्मवर केस पांढरे, चेहरा काळाकुट्ट,
दात कोळशाचे.
तिने ती पानावर ठेवली, चिमटे लावले,
दिवा जवळ ओढला.

मग आठ तास काहीच घडलं नाही,
निदान शाळेच्या वहीत लिहिण्यासारखं.

आत मात्र
पानाच्या पालथ्या अंगाला बारीक ओठ उघडले,
हवेतला कार्बन डायऑक्साइड शिरला,
त्यात थोडा हाल्बेराच्या जांभईतलाही.
मुळांकडून पाणी चढत आलं, कुणी ढकलत नसताना;
वर उडून जाणाऱ्या थेंबाने
खालच्याचा हात धरलेला, त्याने त्याच्या खालच्याचा.
हरितद्रव्याने तांबडा घेतला, निळा घेतला,
हिरवा बराचसा दारातूनच परत पाठवला.
आपण ज्याला पानाचा रंग म्हणतो
ते पानाचं नको-नको.

उजेडाचा घाव बसला आणि पाणी फुटलं.
त्यातला ऑक्सिजन पानाने
लाकूड तासताना भुसा पडावा तसा सोडून दिला.
तोच भुसा ओढत
रान्वेग शिडीवर चढली, वेल बांधत राहिली.

आणि साखर?
ती जुळवणारं विकर अगदी मंद,
सेकंदाला दोन-तीनच कण पकडतं, तेही कधी चुकीचे.
कुठल्याही मालकाने पहिल्याच आठवड्यात काढून टाकलं असतं.
जगाच्या ताटातला घास न् घास
या चेंगट कारागिराच्या हातचा.

संध्याकाळी पान खुडलं.
उकळत्या पाण्यात बुडवलं, मग गरम स्पिरिटमध्ये.
हिरवं उतरलं, पान फिकट झालं
जुन्या पत्राच्या कागदासारखं.
वर आयोडीन, थेंब थेंब.

आधी केस आले. निळे-काळे.
मग भुवया.
मग कोटाचं एक बटण, दुसरं नव्हतंच.
शेवटी चेहरा, जो आला नाही,
जो नुसता पानाच्या फिकटपणातून मागे राहिला.

"पानाने ओळखलं त्यांना?"
"नाही गं," रान्वेग म्हणाली,
"उजेड कुठे पोचला
आणि कुठे माणूस आडवा आला,
एवढंच त्याला कळलं."
मग ती बराच वेळ हात पुसत राहिली,
हात कोरडेच होते.

दुसऱ्या पानावरही तिने तीच फिल्म ठेवली होती, मुलीला न सांगता.
ते तिने खुडलं नाही. आयोडीन लावलं नाही.
झाडांनाही रात्र लागते, म्हणून दहाला दिवे मालवले.

अंधारात पान आपला साठा मोडायला घेतं:
स्टार्चची साखर होते,
साखर देठातून खाली उतरते,
मुळांना, कोंबांना, जिथे भूक असेल तिथे.
आधी केस गेले असतील,
मग भुवया, मग ते एक बटण.

सकाळी पान कोरं, हिरवं, नेहमीसारखं.
शेंड्याला एक पालवी, नखाएवढी,
अजून घडी न उलगडलेली.
काल होती की नव्हती,
रान्वेगला नक्की सांगता येईना.