विषम बाजू

एकोणीस वर्षं मी टॅनरी स्ट्रीटवर टपाल वाटते.
डावीकडे सम क्रमांक, उजवीकडे विषम.
कुत्र्यांची नावं मला माणसांच्या आधी ठाऊक,
आणि कुणाच्या घरी औषधांची पाकिटं वाढली,
तेही, न विचारता.

मार्चमध्ये राजधानीत नवा नकाशा मंजूर झाला.
त्यातली रेघ हमरस्त्याने येते,
बंद कापडगिरणीच्या भिंतीशी वळते,
आमच्या रस्त्याच्या मधोमध
शहाण्या मुलीसारखी सरळ चालते,
आणि एक्केचाळीस नंबरच्या फाटकाशी
तिला अचानक काहीतरी आठवतं.
गॅरेजला वळसा, नासपतीच्या झाडाला वळसा,
मागचं कुंपण धरून पुन्हा रस्त्यावर,
जणू काही घडलंच नाही.

दहा वर्षं आता ही काळ्या दगडावरची रेघ.
रस्त्यावर मात्र नुसतं डांबर,
तेही काळंच.

एक्केचाळीसमध्ये आयडेला रँडल राहतात.
चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं.
गेल्या खेपेला उभ्या राहिल्या, एकसष्ट मतांनी पडल्या.
एकसष्ट म्हणजे, सांगते तुम्हाला,
माझ्या पिशवीतली अर्ध्या तासाची पत्रं.

"इतकं नेमकं!" नकाशा टेबलावर पसरून त्या म्हणाल्या,
"माझ्या वर्गात एकालाही कंपास असा धरता आला नाही."
हसल्या. मग चष्मा काढून पुसत राहिल्या,
काच स्वच्छ होती तरी.

मग मिठाची बरणी पुढे ओढली.
"चार भांड्यांत चिमूट चिमूट टाक,
चारही अळणी.
नाहीतर सगळं एकातच ओत.
ते तोंडात धरवत नाही, उरलेली तीन अळणीच.
मीठ तेवढंच. एक कणही उचललेला नाही कुणी.
आता चोरी दाखव."
मला दाखवता आली नाही.
गिरणीपलीकडची आमची वस्ती
त्या खारट भांड्यात आहे.

समोर अडतीसमध्ये लॉयल हटसेल.
बारा वर्षं त्याच्या ओसरीवर त्यांचाच झेंडा,
ज्यांनी रेघ मारली.
मला वाटलं, खुशीत असेल.
तो भोपळ्याच्या वेलाला पाणी घालत होता.
"माझीच माणसं आहेत ती," नळी न वळवता म्हणाला,
"पण जत्रेत वजन आधीच लिहून ठेवलं असेल
तर भोपळा न्यायचा कशाला?"
मग इकडेतिकडे बघून पत्रं घेतली, आत गेला.
दुसऱ्या दिवशीही झेंडा होताच.

नोव्हेंबरात मी अग्निशमन केंद्रात टपाल द्यायला गेले.
एकच दालन, दोन टेबलं,
फरशीवर निळी चिकटपट्टी.
आयडेला बाई सम बाजूच्या रांगेत, लॉयलच्या मागे,
हातात मतपत्रिका,
तिच्यावर अनोळखी नाव एकच. विरोधात कुणीच नाही.
लॉयलने त्यांना पुढे जाऊ दिलं.
एवढंच पाहिलं मी, माझी गाडी चालू होती.

जानेवारीत विषम बाजूच्या नव्या प्रतिनिधीचं कार्ड आलं,
"माझ्या प्रिय मतदारांना."
यादी जुनी असावी; एक एक्केचाळीसलाही आलं.
बाईंनी लाल पेनाने त्यावर लिहिलं,
"मी हललेले नाही,"
आणि परत माझ्या हातात दिलं.

परतीच्या टपालाला कारण लागतं. शिक्क्यावर तीनच आहेत:
पत्ता बदलला.
अशी व्यक्ती येथे राहत नाही.
घेण्यास नकार.

शाई वाळेपर्यंत मी फाटकाशी उभी होते,
शिक्का हातात.