सहा मिनिटं

पांडवलेण्याच्या डोंगरामागून
एक ठिपका निघाला, न लुकलुकता.
"तेच!" तिडके सर म्हणाले, "घड्याळ लावा."
सिडकोतल्या शाळेची गच्ची एकदम गप्प.

तिथे म्हणे पाणी सांडत नाही,
द्राक्षासारखं गोल होऊन तरंगतं;
मेणबत्तीची ज्योतही गोल,
आणि मुळांना खाली कुठे तेच कळत नाही,
उजेड दाखवून समजूत घालावी लागते.
दिवसात सोळा वेळा सूर्य उगवतो.
"मग डबाही सोळा वेळा?"
इति गांगुर्ड्यांची निशिगंधा.

हसता हसता तिच्या हातातलं द्राक्ष निसटलं.
टप्.
"वर तेही असंच पडतंय," सर म्हणाले,
"फक्त इतक्या वेगानं पुढे पळतंय
की जमीन दरवेळी चुकते."

ठिपका सावलीत विझला.
निशिगंधानं द्राक्ष उचललं, फुंकलं,
आणि खायचं सोडून
गोदावरीच्या दिशेनं
जोरात, आडवं फेकलं.