मॅडम की सर

काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता विचारलं,
"मॅडमकडे लावू नंबर, की सरांकडे?
सरांकडे गर्दी कमी आहे."

शरणपूर रोड, दुसरा मजला,
खाली झेरॉक्सचं दुकान, जिन्यात फिनेलचा वास,
आणि माझ्या पर्समध्ये कॅलेंडरची तीन पानं.
तारखांना गोल केलेत, निळ्या पेनानं.
लाल पेन हाताशी होता. नको वाटला.

मी सिडकोत ब्लाउज शिवते, एकवीस वर्षं झाली.
रोज आठ-दहा बायका पदर काढून माझ्यासमोर उभ्या राहतात.
छाती, कंबर, मुंढा, मागचा गळा किती खोल.
मला आकडे कळतात, आणि आकड्यांच्या मधलंही:
एकीची डावी बाजू गेल्या वर्षीपासून नुसती सपाट,
एकीच्या दंडावर चार बोटं उमटलेली.
तेव्हा टेप जरा सैल धरते
आणि वहीत फक्त माप लिहिते.

मी बाई आहे म्हणून येतात त्या.
ठाऊक आहे मला, त्यावरच तर चूल पेटते.
शिकले मात्र मास्तरांकडे, भद्रकालीतल्या बोळात.
ते टेपचं टोक दोन बोटांत धरायचे
आणि म्हणायचे, "ताई, खांदा घेतो."
घेतो म्हणायचे, मग घ्यायचे.

जाऊ म्हणाली, "बाईकडेच जा हेमा, लाज तरी राहील."
लाज.
येवल्याला माझ्या पहिल्या खेपेला बाईच होती डॉक्टर.
"तेव्हा नाही ओरडलीस ती," म्हणाली,
आणि खोलीतल्या सगळ्या हसल्या.
मीही हसले असेन,
पुढची कळ यायच्या आत.

नवरा म्हणाला, "तुझं तू बघ."
मग टीव्हीचा आवाज कमी करून,
"सर म्हणजे वयस्कर आहेत ना?"
लेक म्हणाली, "आई, डॉक्टर म्हणजे डॉक्टर,
त्यात काय बाई नि बुवा."
हीच पोरगी पॅड आणायला
कोपऱ्यावरची दोन मेडिकल सोडून
जिथे काउंटरला बाई बसते तिथे जाते, उन्हातान्हात.

"ताई? सांगा ना. मॅडम की सर?"

मागे कुणाचं तरी बाळ किरकिरत होतं.
मला आठवेना,
असं दोनातलं एक शेवटचं कुणी विचारलं होतं मला.
हुक की बटण, हे मीच विचारते लोकांना.
शिबिरात ऑपरेशन झालं तेव्हा तर
हिरव्या कपड्यावर नुसते डोळे दिसत होते,
चष्मा होता एवढंच सांगता येईल.

मी म्हटलं, "आधी सांगून हात लावतं कोण?"

मुलीनं आत्ता मान वर केली.
पेनचं टोपण दातात धरलं,
आतल्या दाराकडे बघितलं, मग हळूच,
"मी स्वतः मॅडमकडेच जाते.
पण चारनंतर या ताई.
सकाळी त्यांना घाई असते, मग विसरतात."

"आणि सर?"
"सर सांगतात. सगळं सांगतात."
जरा थांबून, "तरी मी मॅडमकडे जाते."

का, ते मी विचारलं नाही.
तिनंही सांगितलं नाही.
"चारचा लाव," म्हटलं.

मध्ये तीन तास होते.
मेन रोडला गेले,
खैरनारबाईंच्या पिस्ता साडीचं अस्तर राहिलं होतं.
दुकानदारानं कापड मोजलं, दुमडलं,
कात्रीचं तोंड कडेला टेकवलं
आणि थांबला.

"कापू ना?"

एवढी वर्षं त्याच्याकडून घेते अस्तर,
दर वेळी विचारत असणार तो.
मी त्याच्याकडे बघतच राहिले.
गिऱ्हाइकं ताटकळली.

मग म्हटलं, "हं. कापा."