मानस

खाजनशेताच्या दाराला आमच्या चोडणात
मानस म्हणतात.
लाकडाच्या दोन फळ्या. ओहोटीला शेतातलं पाणी सोडतात,
भरती चढली की तिच्याच रेट्याने मिटतात.
कुणी सांगावं लागत नाही.

गटाची अ‍ॅडमिन मी.
नाव ठेवलं 'फेरी किती वाजता',
कारण तेवढंच विचारायचं होतं.
पंचायतीतल्या कारकुनीला हे एक जोडकाम.
मग कुणाची म्हैस हरवली,
कुणाची चावी रायबंदरच्या धक्क्यावर सापडली,
पदेर आज येणार नाही, उंडे दुकानात ठेवलेत,
दुबईहून सावियोचा रोज एक सूर्योदय,
आणि गोमेकॉत सुहासिनीला ओ निगेटिव्ह रक्त हवं, लगेच.
साडेअकराच्या फेरीने तिघे निघाले.
त्यातला एक तिच्या नवऱ्याशी बारा वर्षं बोलत नव्हता.
मुलगी झाली. फोटो आधी आम्ही पाहिला, बापाने नंतर.

अमावास्येच्या उधाणाला बांद फुटला
तेव्हा मी तीनच शब्द लिहिले: बांद फुटला, या.
चाळीस माणसं आली.
टॉर्च, घमेली, चिखल, पेंढा,
भाटकार आणि मुंडकार एकाच कमरेइतक्या पाण्यात.
पहाटे कुणीतरी चहाच्या किटलीचा फोटो टाकला,
त्याखाली अंगठ्यांची रांग.
मला वाटलं, गाव म्हणजे हेच.

मौलालीचा फोटो मार्चमधला.
तो विजापूरकडचा, सायकलीवर धार लावणारा.
स्टँड लावून पॅडल मारायचा, चाक फिरायचं,
सुरीतून ठिणग्या उडायच्या
आणि शाळा सुटलेली पोरं भोवती उभी राहायची.
फोटोत पोरं हसत होती.
कुणीतरी हसू कापलं.
उरला त्याचा चेहरा, एका मुलीची वेणी,
आणि खाली: सावध! पोरं पळवणारा. पुढे पाठवा.
सोबत एका बाईचं रडणं, चौदा सेकंदांचं.
ती कुठली, कुणी विचारलं नाही.

मी हुमण ढवळत होते.
डावा अंगठा मोकळा होता.

चाळीस माणसं आली.
तीच. मी मोजली नाहीत, ओळखली.
ज्या हातांनी बांदाला माती थापली
त्या हातांनी सायकल उचलून मांडवीत फेकली.
मौलाली हात जोडून कानडीत काहीतरी सांगत होता,
ते सगळं कुणीतरी चित्रित करत होतं, आडवा फोन धरून, नीट.
फेरीवरच्या सिप्रियानने त्याला कॉलरने आत ओढलं
आणि गाड्या न घेताच रॅम्प वर उचलला.
शिव्या खाल्ल्या त्याने. अजून खातो.
त्याच्याकडे बटणांचा फोन आहे.
मौलालीकडेही तसलाच होता.

रात्री मी माझा संदेश पुसला.
तिथे आता एक ओळ आहे:
हा संदेश काढून टाकला आहे.
बाकीच्या एकशे ब्याऐंशी फोनांतून तो कुठे कुठे गेला,
डिचोलीला, म्हापशाला, सावियोच्या दुबईला,
त्याच्यामागे माझी फेरी जात नाही.

सकाळी माफी लिहिली. चार ओळी, नाव घालून.
तीन जणांनी हात जोडले.
एकाने लिहिलं, भायल्यांचा एवढा पुळका कशाला.
त्याखाली लगेच:
उद्या पहिली फेरी बंद आहे का?

मी उत्तर दिलं. नाही. सव्वासहाला आहे.

गट मोडावा असं रोज वाटतं,
आणि रोज कुणाला तरी रक्त लागतं.

ओहोटीला खारफुटीच्या मुळांत ते चाक दिसतं,
अर्धं चिखलात, कालवं धरलेलं.
भरतीला दिसत नाही.
घराघरांतल्या सुऱ्या बोथट झाल्यात,
पण त्याविषयी गटावर कुणी काही लिहीत नाही.
काल नीरफणस कापताना माझी सुरी घसरली,
डाव्या अंगठ्यावर.